श्रवणाची नवी शाळा

आत्मोन्नतीसाठीं आणि ज्ञानवृद्धीसाठीं कोणते पॉडकास्ट ऐकावे, असा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून वारंवार विचारला जातो. त्याचें उत्तर देणाऱ्या याद्यांचाही तोटा नाहीं. कोणी दहा नांवें सांगतो, कोणी पन्नास. परंतु या याद्यांत निवड असली तरी निवडीचें कारण नसतें. औषधांच्या दुकानांतील बाटल्यांवरचीं नांवें वाचून ज्याप्रमाणें आपल्या प्रकृतीस काय मानवेल तें कळत नाहीं, त्याचप्रमाणें नुसत्या नांवांवरून आपल्या बुद्धीस काय हितकर आहे तेंही कळत नाहीं. यास्तव या लेखांत पुष्कळ नांवें घेण्याचें टाळून आम्हीं पांच मालिकांचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. त्यांतील चार आम्हांस शिफारस करण्याजोग्या वाटतात. पांचवीविषयीं मात्र थोडा सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो.

प्रथम या वस्तूविषयींच दोन शब्द. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ सालच्या फेब्रुवारींत 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रांत बेन हॅमर्स्ली यांनीं सुचविला. खिशांत मावणाऱ्या 'आयपॉड' या यंत्राचें नांव आणि ध्वनिक्षेपणाचा वाचक 'ब्रॉडकास्ट' हा इंग्रजी शब्द यांच्या जोडणींतून तो तयार झाला. मौज अशी, कीं तें यंत्र २०२२ सालीं कंपनीनें बंद केलें, पण त्यावरून निघालेला शब्द जगभर रुळला आणि मराठींतही तसाच राहिला. नभोवाणीहून ही वस्तु दोन बाबतींत निराळी आहे. नभोवाणीवर वेळ ठरविणारा क्षेपण करणारा असतो. येथें वेळ श्रोत्याची. त्यास बोलणें थांबवितां येतें, मागें नेऊन पुनः ऐकतां येतें, वाटल्यास वर्षभरानेंही उघडतां येतें. दुसरें असें, कीं नभोवाणीवर बोलावयास केंद्राचें निमंत्रण लागतें. येथें एक ध्वनिग्राहक आणि थोडी चिकाटी असली म्हणजे कोणीही वक्ता होऊं शकतो. या दुसऱ्या गोष्टींत या माध्यमाचें वैभव आहे आणि धोकाही आहे. संपादकाच्या दारावरून परत गेलें असतें असें पुष्कळ चांगलें आणि पुष्कळ वाईट येथें एकाच पंक्तीस बसतें. अर्थात् निवडीचें जें काम पूर्वीं संपादक करीत असे, तें आतां श्रोत्याच्या माथीं आलें आहे.

ऐकून शहाणें होणें ही गोष्ट मराठी माणसास नवी नाहीं. ज्यांस अक्षरओळखही नव्हती अशा कित्येक पिढ्यांचीं मनें कीर्तनकारांनीं आणि पुराणिकांनीं घडविलीं. नवविधा भक्तींत पहिलें स्थान श्रवणाचें आहे, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास त्यासच वाहिलेला आहे. पुढें १८७५ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती याच परंपरेची लौकिक शाखा म्हटली पाहिजे. परंतु आपल्या पूर्वजांनीं श्रवणास कधीं एकटें सोडलें नाहीं. श्रवणामागून मनन आणि मननामागून निदिध्यासन असा क्रम त्यांनीं लावून दिला. कीर्तन आटोपून घरीं परततांना वाटेंत जी चर्चा चाले, व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशीं ओसरीवर जो वाद रंगे, तें मननच होतें.

आजचा श्रोता एकटा असतो. त्याच्या कानांत बोंडें असतात, आणि एक भाग संपतो न संपतो तोंच यंत्र दुसरा सुरू करितें. मननास जागाच उरत नाहीं. म्हणून आमची कसोटी साधी आहे. जें ऐकल्यावर मनुष्य क्षणभर थांबतो, कोणाशीं तरी त्याविषयीं बोलतो, किंवा कपाटांतील एखादें पुस्तक काढून उघडतो, तें ऐकणें विद्येचें. जें ऐकल्यावर केवळ पुढचें ऐकण्याची इच्छा होते, तें करमणुकीचें. करमणूक कांहीं वाईट नव्हे. मात्र तिला आत्मोन्नतीचें नांव देऊं नये.

या कसोटीस लावून पाहिलें असतां ज्ञानाचें आश्वासन देणाऱ्या मालिकांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग उपदेशाचा. पहांटे कधीं उठावें, वेळ कसा वांचवावा, यश कसें मिळवावें, मन शांत कसें ठेवावें, हा त्याचा विषय. दुसरा वर्ग विद्यांचा. इतिहास, विज्ञान, अर्थशास्त्र, वाङ्मय यांपैकीं एखादा विषय घेऊन तो उलगडून दाखविणें हें त्याचें काम. सामान्य समजूत अशी आहे, कीं आत्मोन्नतीसाठीं पहिला वर्ग ऐकावा आणि माहितीसाठीं दुसरा. आम्हांस ही समजूत मान्य नाहीं. उपदेशाच्या वाक्यांनीं मनुष्याची उन्नति फारशी होत नाहीं. एखादें जाणतें मन आपल्या विषयावर प्रामाणिकपणें काम करीत असतां तें जवळून पाहिल्यानें होते. शंका कशी घ्यावी, पुरावा कसा तोलावा, प्रतिपक्षाचें म्हणणें कसें ऐकून घ्यावें, आणि जेथें ज्ञान संपतें तेथें कसें थांबावें, या गोष्टी सांगून येत नाहींत. त्या संगतीनें अंगीं लागतात.

अशा संगतीचें पहिलें उदाहरण म्हणून आम्ही बी. बी. सी. च्या चौथ्या नभोवाणी केंद्रावरील 'इन अवर टाइम' या मालिकेचें नांव घेतों. १९९८ च्या ऑक्टोबरांत ती सुरू झाली आणि २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग या लेखकानें तिचें सूत्र सांभाळलें. भागांची संख्या हजारावर गेली आहे. रचना अगदीं साधी: एक विषय, त्या विषयाचे तीन अभ्यासक आणि सुमारें पाऊण तास. एका आठवड्यांत भगवद्गीता, तर दुसऱ्या आठवड्यांत वनस्पतींचें प्रकाशसंश्लेषण; कधीं सम्राट् अशोक, कधीं भारतीय गणित. ब्रॅग बहुतेक विषयांत स्वतः तज्ज्ञ नव्हते. पण ते अभ्यास करून बसत, आणि पाहुणा पसरट बोलूं लागला कीं त्यास विनयानें पण ठामपणें मुद्द्यावर आणीत. तिघां विद्वानांत जेव्हां मतभेद होतो, तो क्षण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. विद्या म्हणजे ठरलेल्या उत्तरांचें गांठोडें नसून अजून चाललेला विचार आहे, हें तेव्हां श्रोत्यास सहज उमगतें. शिवाय विषयाबरोबर पुढील वाचनाची यादीही दिलेली आढळते; म्हणजे मालिका आपल्या श्रोत्यास स्वतःजवळ अडकवून न ठेवतां ग्रंथांकडे पाठविते. गुरूचें हें मोठें लक्षण होय.

दोषही आहेत. कांहीं विषय पाऊण तासांत गुदमरतात, आणि शेवटचीं पांच मिनिटें पुष्कळदां धांवपळींत जातात. विषयांचा कल युरोपाकडे अधिक आहे. इंग्रज प्राध्यापकांचे भरभर उच्चार नवख्या मराठी श्रोत्यास जड जाण्याचा संभव आहे. अशानें आपल्या परिचयाच्या विषयापासून, म्हणजे गीतेपासून किंवा अशोकापासून, आरंभ करावा; अर्थ माहीत असला म्हणजे कानही लवकर सरावतो.

दुसरी मालिका 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स' ही. बी. बी. सी. आणि लंडनचें ब्रिटिश म्युझियम यांनीं मिळून २०१० सालीं ती सादर केली. त्या वेळचे संग्रहालयाचे संचालक नील मॅक्ग्रेगर हे तिचे निवेदक. संग्रहालयांतील शंभर वस्तु निवडून, प्रत्येकीस सुमारें पंधरा मिनिटें देऊन, त्यांनीं मानवजातीचा इतिहास सांगितला आहे. आफ्रिकेंतील ओल्डुवाई येथील दगडी हत्यार, सिंधुसंस्कृतीची मुद्रा, अशोकस्तंभाचा ब्राह्मी लेख असलेला तुकडा, अशा क्रमानें येत येत ती आपल्या काळांतील, सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या एका दिव्यापाशीं संपते. जी वस्तु श्रोत्यास दिसत नाहीं तिच्याविषयीं केवळ शब्दांनीं बोलावयाचें, ही मोठी अडचण होती. परंतु हीच अडचण या मालिकेचा गुण ठरली आहे. वस्तूचा आकार, वजन, तिच्यावरचे ओरखडे, ती हातांत धरणाराचा हात यांचें वर्णन निवेदकास नेमकेपणानें करावें लागतें, आणि ऐकतां ऐकतां श्रोता पाहावयास शिकतो. सिंधुमुद्रेवरील लिपि अद्यापि वाचतां आलेली नाहीं, हें सांगून तिच्यापुढें जें मौन राखावें लागतें, तेंही शिक्षणच आहे.

या मालिकेविषयीं एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. या वस्तु लंडनास कशा पोंचल्या, हा प्रश्न ज्यांच्या देशांतून त्या गेल्या त्यांच्या मनांत पदोपदीं उभा राहतो. त्याचें पोटभर उत्तर येथें मिळत नाहीं. यजमान आपल्याच घराचें वर्णन करीत असला म्हणजे कांहीं खोल्यांचीं दारें लोटलेलीं राहतात. तथापि घरांत शाळकरी मुलें असतील तर आरंभ याच मालिकेपासून करावा, असें आम्हीं सुचवूं. पंधरा मिनिटें हा काळ मुलांच्या धीरास पेलणारा आहे, आणि ऐकून झाल्यावर त्या वस्तूचें चित्र सर्वांनीं मिळून शोधणें हा एक सुंदर खेळ होतो.

तिसरी मालिका एका व्यक्तीच्या चिकाटीचें फळ आहे. अमेरिकेंतील माइक डंकन यांनीं २००७ सालीं 'द हिस्टरी ऑफ रोम' सुरू केली आणि २०१२ सालीं पूर्ण केली. रोमच्या स्थापनेच्या दंतकथांपासून इ. स. ४७६ मधील पश्चिम साम्राज्याच्या अखेरीपर्यंतचा वृत्तान्त त्यांनीं दीडशेंहून अधिक भागांत, बहुतांशीं एकट्याच्या आवाजांत, सांगितला. ते विद्यापीठांतले अध्यापक नव्हते. इतिहासाची आवड आणि ग्रंथवाचन एवढेंच त्यांचें भांडवल. आरंभींचे भाग थोडे ओबडधोबड आहेत. ध्वनि साधा, निवेदन जरा अवघडलेलें. परंतु जसजसें पुढें जावें तसतशी वाणी सफाईदार होत जाते आणि विनोदबुद्धि जागी होते. पहिले भाग ऐकून सोडून देणाऱ्यांनीं निदान प्युनिक युद्धांपर्यंत धीर धरावा.

आत्मोन्नतीच्या दृष्टीनें या मालिकेचें मोल दुहेरी आहे. साम्राज्यें एका दिवसांत पडत नाहींत. त्यांचे नियम आधीं वाकतात, मग मोडतात, हें तिच्यांत क्रमाक्रमानें कळतें. आणि एका सामान्य वाचकानें पांच वर्षें सातत्यानें काम केलें म्हणजे काय साधतें, हेंही कळतें. चिकाटीवर दहा व्याख्यानें ऐकण्यापेक्षां चिकाटीनें केलेलें हें एक काम ऐकणें अधिक गुणकारी आहे. मर्यादा एवढीच, कीं येथें राजे, सेनापति आणि लढाया यांचें राज्य आहे. शेतकरी, दास आणि स्त्रिया यांचें जीवन कडेकडेनें दिसतें. तेवढ्यासाठीं ग्रंथांकडेच वळलें पाहिजे.

चौथी मालिका आपल्याच देशांतील आहे. मुंबईस राहून लेखन करणारे अमित वर्मा यांनीं २०१७ सालीं 'द सीन अँड द अनसीन' ही इंग्रजी मालिका सुरू केली. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रेदेरिक बास्तिया यांच्या १८५० सालच्या निबंधाच्या नांवावरून हें नांव घेतलें आहे. कोणत्याही धोरणाचा दिसणारा परिणाम आणि न दिसणारा परिणाम दोन्ही पाहावे, हें त्यांतील सूत्र. आरंभीं लहान असलेले भाग पुढें कित्येक तासांचे झाले. पाहुण्यास प्रथम त्याचें बालपण, त्याचें गांव, त्यानें वाचलेलीं पुस्तकें यांविषयीं विचारलें जातें, आणि मग संभाषण त्याच्या विषयाकडे वळतें. यायोगें विचार हा कोठून तरी आकाशांतून पडत नसून एका जीवनांतून उगवतो, याचा प्रत्यय येतो. यजमान मध्येंच तोडीत नाहीं; पाहुण्यास आपलें वाक्य पूर्ण करूं देतो. वादविवादाच्या नांवाखालीं चालणाऱ्या दूरचित्रवाणीवरील कलकलाटास कंटाळलेल्या कानांस एवढेंही औषधासारखें वाटतें.

यजमानाचा कल व्यक्तिस्वातंत्र्याकडे आणि खुल्या बाजाराकडे आहे, आणि तो ते लपवीत नाहीं. ज्यांचें मत निराळें आहे त्यांनीं ही मालिका अवश्य ऐकावी. मतभेद ठेवून ऐकणें हाही एक व्यायामच आहे. दोष लांबीचा. इतका वेळ दरएक श्रोत्यापाशीं नसतो, आणि कांहीं प्रश्न प्रत्येक पाहुण्यापुढें फिरून फिरून येतात. परंतु एक भाग एका बैठकींत संपविण्याचा नियम कोणीं केला आहे? कादंबरीप्रमाणें तो आठवडाभर पुरवावा.

आतां उपदेशवर्गाकडे वळूं. त्यांतील सर्वच त्याज्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. म्हणूनच त्यांतील एक प्रतिष्ठित मालिका विचारार्थ घेतों. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मेंदूविज्ञानाचे अध्यापक अँड्र्यू ह्यूबरमन यांची 'ह्यूबरमन लॅब' ही मालिका २०२१ सालीं सुरू झाली आणि थोड्याच काळांत अफाट लोकप्रिय झाली. झोंप, एकाग्रता, व्यायाम, संवयी हे तिचे विषय. तिचा गुण असा, कीं ती नुसता उपदेश करीत नाहीं, त्यामागचें कारणही उकलते. सकाळच्या प्रकाशाचा शरीराच्या दैनिक घड्याळाशीं काय संबंध आहे, हें तिच्यांतून चांगलें समजतें. परंतु दोन गोष्टी खटकतात. पहिली ही, कीं प्रयोगशाळेंतील उंदरांवर किंवा थोडक्या माणसांवर आढळलेली गोष्ट पुष्कळदां फार लवकर दिनचर्येचा नियम होऊन बसते. या प्रकारास इतर शास्त्रज्ञांनींही आक्षेप घेतला आहे. दुसरी ही, कीं ज्या आवाजांत शास्त्र सांगितलें जातें, त्याच आवाजांत पुरस्कर्त्या कंपन्यांच्या पोषकचूर्णांची आणि इतर मालाची स्तुतीही होते. मासिकांत जाहिरात निराळ्या पानावर असते. तेथें डोळा आपोआप सावध होतो. कानास तसें पान नसतें. शास्त्र कोठें संपलें आणि बाजार कोठें सुरू झाला, हें ओळखण्याचा भार सर्वस्वीं श्रोत्यावर पडतो.

आणि हा श्रोता बहुधा कोण असतो? विशीं-पंचविशींतला तरुण. नोकरीची चिंता, स्पर्धा, एकटेपण यांनीं तो आधींच गांजलेला असतो. अशा वेळीं दररोज नवे नियम कानीं पडूं लागले, म्हणजे उन्नति दूरच राहते आणि आपण कोठेंच पुरे पडत नाहीं ही खंत मात्र वाढते. ज्या उपदेशानें मनुष्य स्वतःस अहोरात्र तपासूं लागतो, पण जगाविषयींचें त्याचें कुतूहल तिळभरही वाढत नाहीं, तो उपदेश कितीही शास्त्रशुद्ध असला तरी अपुरा आहे. अशा तरुणास आम्ही म्हणूं, कीं एक महिना स्वतःस विसरून रोमचा इतिहास ऐका. स्वतःविषयीं जें शिकावयाचें तें त्यांतून आडवाटेनें येईल.

आतां कसें ऐकावें याविषयीं. ऐकणें हें वाचण्याहून हलकें आहे, असें कित्येक विद्वान् मानतात. त्यांनीं घरांत एकदां नजर फिरवावी. पुस्तक वाचावयास हात मोकळे लागतात आणि बसावयास निवांत वेळ लागतो. हा वेळ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांस मिळाला, स्त्रियांस क्वचितच मिळाला. पोळ्या लाटतांना, भाजी निवडतांना, कचेरीच्या गाडींत उभ्यानें प्रवास करतांना ज्या स्त्रीचे हात अडकलेले आहेत पण कान मोकळे आहेत, तिला या माध्यमानें विद्यापीठाचें दार उघडून दिलें आहे. दृष्टि मंदावलेल्या वृद्धांसही तेंच. हा लाभ लहान नाहीं, आणि त्यास तुच्छ लेखणें हा आम्ही पुस्तकी लोकांचा अहंकार आहे.

मात्र मोकळा कान आणि कायमचा भरलेला कान यांत भेद आहे. दिवसांतून एक भाग पुरे. तो ऐकल्यावर यंत्र बंद करावें आणि तितकाच वेळ कांहीं न ऐकतां घालवावा. आठवड्यांतून एकदां रात्रीच्या जेवणाच्या वेळीं प्रत्येकानें आपण काय ऐकलें तें घरच्यांस चार वाक्यांत सांगावें. ज्यास चार वाक्यें सांगतां येत नाहींत, त्यानें ऐकलेलें नाहीं असें खुशाल समजावें. यायोगें कानांतल्या बोंडांनीं वेगळीं केलेलीं माणसें पुनः एका ताटाभोंवतीं येतील, हा आणखी एक फायदा.

शेवटीं एक खंत. वर शिफारस केलेल्या चारही मालिका इंग्रजी आहेत. मराठींत पॉडकास्ट नाहींत असें नव्हे. गप्पा, मुलाखती आणि कथाकथन यांची चांगली वाढ होत आहे, आणि त्यांत ऐकण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु तीन अभ्यासक, एक तयारीनें बसलेला सामान्य प्रश्नकर्ता आणि एक विषय, अशी शिस्तीची मालिका वर्षानुवर्षें चालविण्याची परंपरा आपल्याकडे अजून रुजावयाची आहे. ज्या भाषेंत डॉ. केतकरांनीं ज्ञानकोश रचला आणि पुढें विश्वकोश उभा राहिला, त्या भाषेंत सांगणारांची वाण नाहीं. ज्या शहरांत उन्हाळ्यांतल्या संध्याकाळीं व्याख्यान ऐकावयास माणसें दीडशें वर्षें येत आहेत, तेथें ऐकणारांचीही वाण नाहीं. सातवाहनांचीं लेणीं, दख्खनचा काळा पाषाण, महानुभावांचें गद्य, दुष्काळांचा इतिहास, गोव्यांतील मराठी आणि कोंकणी यांचें नातें, असे विषय कोणी हातीं घेणाराची वाट पाहत आहेत. त्यासाठीं फार पैसा लागत नाहीं. लागते ती डंकन यांची चिकाटी आणि ब्रॅग यांचा गृहपाठ. आमच्या वाचकांपैकीं कोणी अध्यापक, कोणी अभ्यासक हें काम अंगावर घेईल, तर पुढील परीक्षणांत आम्हांस त्याच्या मालिकेचे गुणदोष सांगण्याचा आनंद मिळेल. तोंवर वरील चारांपैकीं एक निवडावी, आणि ऐकून झाल्यावर कान मोकळा करून थोडा वेळ स्वस्थ बसावें.